वजन खरे, निरोप खोटा

महाविद्यालयात शिकणारी मुले हौसेने आर्डुइनो उनोसारखा बोर्ड आणतात आणि दुकानातील इलेक्ट्रॉनिक काट्याचे वजन त्यामार्फत गिऱ्हाइकासमोरील मोठ्या फलकावर दाखवतात. दिवसभर सारे सुरळीत चालते; मग एकाएकी काट्यावर १२.४५० किलो असताना फलकावर २.४५० उमटते. यंत्राच्या दृष्टीने हरवले ते एक अक्षर. पेढीच्या दृष्टीने दहा किलो माल आणि गिऱ्हाइकाचा विश्वास.

अशा वेळी प्रोग्राम पुनःपुन्हा बदलण्याचा मोह आवरावा आणि तपास तारेपासून सुरू करावा. एका यंत्राची पाठवणारी तार दुसऱ्याच्या घेणाऱ्या टोकास जावी व दोहोंचे ग्राउंड एकमेकांस जोडलेले असावे. ग्राउंड सैल असेल तर निरोप कधी पोहोचतो, कधी बिघडतो. पुष्कळ काट्यांची जोडणी आरएस-२३२ पद्धतीची असते. तिच्यातील विद्युतदाब शून्याच्या दोन्ही बाजूंस १५ व्होल्टपर्यंत जाऊ शकतो. उनो ५ व्होल्टवर चालतो. म्हणून मध्ये मॅक्स-२३२ सारखी चिप हवीच. ती नसेल तर अक्षरे अगम्य येतात आणि बोर्ड निकामी होण्याचेही भय असते. काटा मात्र उघडू नये. त्यावरील पडताळणीचे सील अभंग राहिले पाहिजे.

त्यानंतर वेग तपासावा. या पद्धतीत ताल देणारी वेगळी तार नसते. दोन्ही यंत्रांनी एकच वेग आधी मान्य केलेला असतो. काट्याच्या माहितीपुस्तिकेतील वेग व अक्षराची रचना जशीच्या तशी प्रोग्राममध्ये घालावी. वेग निवडण्याची मुभा असल्यास ९६०० बॉड घ्यावा. उनोच्या १६ मेगाहर्ट्झच्या ठोक्यातून हा वेग सुमारे ०.२ टक्के फरकाने साधतो. ११५२०० बॉडला तोच फरक सुमारे २.१ टक्के होतो. समोरच्या यंत्राचा ठोकाही उलट दिशेने थोडा चुकला, की अक्षरे बिघडू लागतात.

इतके करूनही अंक गळत असतील तर दोष बहुधा प्रतीक्षेत असतो. ९६०० बॉडला, अक्षरामागे १० बिट धरल्यास, सेकंदाला ९६० अक्षरे येतात. उनोची आवक-पेटी अवघ्या ६४ अक्षरांची. फलक रंगवताना प्रोग्राम एक सेकंद थांबला आणि काटा अखंड बोलत राहिला, तर ती पेटी सेकंदाच्या पंधराव्या हिश्श्यातच भरते. पुढची अक्षरे निमूटपणे टाकून दिली जातात. म्हणून प्रोग्राममधील थांबे काढून आलेले अक्षर तत्काळ उचलावे.

शेवटचा उपाय व्यापाऱ्यास नवा नाही: ताळा. ओळ आरंभापासून अंतापर्यंत पूर्ण आली, तिची लांबी ठरल्याप्रमाणे भरली आणि लागोपाठ तीन वाचने जुळली, तरच आकडा स्वीकारावा. दोन्ही टोकांस आपलेच बोर्ड असतील तर प्रत्येक ओळीच्या शेवटी तिच्या अक्षरांची बेरीजही पाठवावी आणि पलीकडे ती पडताळावी. ताळा जुळला नाही तर जुना किंवा अर्धा आकडा न दाखवता फलकावर केवळ रेघा याव्यात. रेघा दिसल्या तर माणूस काट्याकडे पाहतो; चुकीचा आकडा दिसला तर त्यावर विश्वास ठेवतो. आणि प्रयोग कितीही जमला, तरी बिल काट्यावरील आकड्यावरूनच करावे.