गोधडीच्या पोटात काय घालावे?

गेल्या दिवाळीनंतर मी माझ्या पहिल्या नातीसाठी गोधडी शिवली. वरचे कापड माझ्या आईच्या अंजिरी लुगड्याचे होते आणि आतील थर तिच्याच दोन जुन्या सुती पातळांचे. टाके मोजले नाहीत. परंतु दोन महिने दुपारची झोप सोडली, एवढे नक्की सांगता येईल. गोधडी अमेरिकेला पोचली, मुलीने ती छातीशी धरून डोळे पुसले आणि मग जरा चाचरत म्हणाली, "आई, बाळ झोपलेले असताना ही तिच्या पाळण्यात ठेवता येणार नाही. रुग्णालयातून घरी सोडतानाच तसे बजावले आहे."

मला वाईट वाटले. खोटे कशाला सांगू, रागही आला. पंधरवड्याला या पानावरून "वैद्यकीय सल्ला ऐकावा" असे तुम्हांला सांगणारी मी, दोन दिवस मुलीशी मोजकेच बोलले. आपण सारे काय पाळण्यात गुदमरून वाढलो, हा तुमच्या मनात आलेला प्रश्न माझ्याही मनात आला होता. त्याचे उत्तर पुढे देते. आधी गोधडीकडे वळू.

आमचे सूस 2021 मध्ये पुणे महापालिकेत आले. पाषाणकडून येणारा रस्ता महामार्गावरचा पूल ओलांडतो आणि टेकड्यांच्या कडेने उभ्या राहिलेल्या इमारतींत शिरतो. जुने गावठाण त्यांच्या पलीकडे आहे. इमारतींतील आम्ही दहाबारा जणी दर शनिवारी दुपारी सतरंजी अंथरून गोधड्या शिवतो. शिकवायला गावठाणातून एक मावशी येतात. त्या म्हणतील ते प्रमाण. कडेपासून सुरुवात करायची, धावदोरा घालत चौकोनामागून चौकोन आत सरकायचे आणि मध्यावर येऊन थांबायचे. मधूनच सुरुवात करणाऱ्या नवशिकीची गोधडी कशी फुगते आणि वाकडी होते, हे त्या एकदाच दाखवतात.

नऊवार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर. त्याची चार पदरी घडी घातली की दोन मीटर लांबीचे, एका माणसापुरते पांघरूण होते. ते हिशेबाने बेतल्यासारखे वाटते. कोल्हापूरकडे हिलाच वाकळ म्हणतात. कर्नाटकातील उत्तर कन्नडच्या सिद्दी बायका जुन्या कपड्यांची 'कवंद' शिवतात आणि चारी कोपऱ्यांना कापडी त्रिकोणांची 'फुले' लावल्याखेरीज ती पुरी झाली असे मानत नाहीत. आमच्या मावशींनी हे ऐकून पुढच्याच गोधडीला फुले लावली.

आता पोटात काय घालावे, हा प्रश्न. घरातील जुने ते सारे गोधडीत जिरते, ही समजूत आमच्या बैठकीतही होती. जुने मऊ सूत घाम टिपते, हवा खेळू देते, अंगाला टोचत नाही. नायलॉन, जॉर्जेट, पॉलिएस्टर यांचे तसे नाही. त्यांत घाम मुरत नाही. शिवाय पेट घेतला तर ते वितळतात आणि त्वचेला चिकटतात. सूतही पेटते, चांगलेच पेटते, म्हणून कोणतीही गोधडी शेगडी, निरांजन वा डासांच्या अगरबत्तीजवळ नको. परंतु वितळून चिकटणाऱ्या कापडाने झालेली जखम अधिक खोल जाते. कापड कोणते, हे कळत नसेल तर दोन धागे उपसून स्टीलच्या बशीत, चिमट्यात धरून पेटवावेत. सुताला जळत्या कागदासारखा वास येतो आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टरचा कडक काळा मणी होतो. मिश्र कापडात दोन्ही खुणा दिसतात.

या परीक्षेने एकदा आमची पंचाईत केली. बैठकीतील एक ताई दिवंगत यजमानांचे सहा सदरे घेऊन आल्या होत्या. सारे टेरीकॉटचे. त्यांना त्यांची गोधडी पांघरायची होती. बशीत मणी तयार झालेला पाहून कुणालाच बोलता येईना. अखेर मावशींनी मार्ग काढला : आतील आणि बाहेरील थर सुती धोतराचे घ्यायचे, आणि सदऱ्यांचे फक्त खिसे कापून उशाच्या बाजूला नव्हे, पायाकडील काठावर ओळीने शिवायचे. एका खिशात त्या ताई आता चष्मा ठेवतात. उरलेल्या कापडाच्या पिशव्या झाल्या.

धुण्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण दमा आणि सकाळच्या शिंका यांविषयी वाचकांची पत्रे येतात. अंथरूण-पांघरुणांत घरधुळीतील सूक्ष्म कीटक राहतात. आपल्या त्वचेचा झडलेला कोंडा हे त्यांचे अन्न आणि दमटपणा हे त्यांचे सुख. उन्हाने दमटपणा जातो, परंतु ॲलर्जी मुख्यतः त्यांच्या विष्ठेमुळे होते आणि ती ऊन दाखवून नाहीशी होत नाही; त्यासाठी धुवावेच लागते. पाणी 60 अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर कीटकही मरतात. सहा-सात थरांची गोधडी दर आठवड्याला कोण धुणार? म्हणून चारच थर शिवावेत आणि गोधडीला जुन्या धोतराची खोळ घालावी. खोळ आठवड्याला गरम पाण्यात, गोधडी दीड-दोन महिन्यांनी. गोधडी झटकायची ती घराबाहेर, आणि दमेकऱ्याने नव्हे. पावसाळ्यात मात्र जाड गोधडी भिजवूच नये. मुळशीच्या हवेत ती चार दिवस आतून ओली राहते आणि बुरशी धरते. घटस्थापनेपूर्वी सारी पांघरुणे ओढ्यावर नेऊन पायांनी तुडवून धुण्याची गावची रीत होती. पाऊस ओसरलेला, ऊन कडक : तिचा वेळ अचूक होता. ओढ्याचे पाणी आता तसे राहिले नाही, ही वेगळी व्यथा.

शिवणारीच्या शरीराविषयी थोडक्यात. मांडी घालून दोन तास वाकून बसलात तर कंबर बोलणारच. अर्ध्या तासाने उठावे, चार पावले चालावे. अंगठ्याच्या मुळाशी कळ येऊ लागली की त्या दिवशी सुई ठेवून द्यावी. मी ठेवली नव्हती, आणि पुढे तीन आठवडे पोळ्या लाटता आल्या नाहीत. आमच्यातील दोघींना मधुमेह आहे. बोटांची व तळव्यांची संवेदना कमी झालेली असेल तर टोचलेले कळत नाही, म्हणून त्या अंगुस्तानाशिवाय सुई धरत नाहीत आणि शिवताना पायांत चपला असतात. सुया बैठकीच्या आरंभी मोजतो, शेवटी पुन्हा मोजतो. एका शनिवारी एक कमी भरली. शीतकपाटावर लावायचे लोहचुंबक आणून पाच गोधड्यांवरून फिरवले, तेव्हा ती माझ्याच गोधडीच्या तिसऱ्या थरात सापडली. ती गोधडी बाळाची होती. अंगावर काटा आला.

आणि आता पाळण्याचा प्रश्न. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संस्था, अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स, हिने 1992 पासून तान्ह्या बाळाला पालथे झोपवू नये असा सल्ला दिला. 2022 च्या सुधारित सूचनांतही पहिले वर्षभर बाळाच्या झोपण्याच्या जागी सुटे पांघरूण, उशी, गोधडी, मऊ खेळणी नकोत असे स्पष्ट म्हटले आहे. कारण साधे आहे. तान्ह्याला तोंडावर आलेले कापड दूर सारता येत नाही. "आपण वाढलो की" हा युक्तिवाद वाढलेलेच करू शकतात. जे वाढले नाहीत त्यांच्या वतीने कोण बोलणार? हे माझे मलाच सुचायला दोन दिवस लागले. आपल्याकडील गारठ्यात बाळाला ऊब हवी असते, ती अंगाबरोबरचे कपडे घालून द्यावी, सैल पांघरुणाने नव्हे. आणि डोके-चेहरा उघडा राहू द्यावा.

मग मुलीनेच सुचवले. बाळ जागे असताना, कुणी जवळ बसलेले असताना, त्याला पालथे ठेवून मान उचलण्याचा सराव द्यायचा असतो. त्यासाठी जमिनीवर अंथरायला गोधडी उत्तम. नात आता सहा महिन्यांची आहे. दूरध्वनीच्या पडद्यावर ती आजीच्या लुगड्यावर पालथी पडते, मान वर करते आणि एका उंच टाक्याला नखाने खरवडत बसते. तो टाका मावशींनी मला उसवायला सांगितला होता. मी आळस केला होता.

गेल्या शनिवारी मावशींनी विचारले, "गोधडी पोचली न्हवं? पांघरत्यात का?"

"पोचली. पण अंगावर नाही, पोटाखाली."

त्यांनी क्षणभर विचार केला. "मंग दुसरी जरा जाड शिवा," त्या सुईत दोरा ओवीत म्हणाल्या, "तिकडं फरशी गार असंल."