एका यादीतले तीन मंडळांचे गुण
अकरावीच्या गुणवत्ता यादीत एसएससी, सीबीएसई आणि आयसीएसईची मुलं एकाच रांगेत उभी केली जातात. त्यांचे गुण मात्र एकाच मापाने मोजलेले नसतात. २०१९ साली हे उघडं पडलं. राज्य मंडळाने भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत २० गुण बंद केले आणि दहावीचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून थेट ७७.१० वर घसरला. इतर मंडळांचे अंतर्गत गुण तसेच राहिले. एका वर्षात राज्यातली मुलं काही ढ झाली नव्हती! तरी कट-ऑफपाशी अडली तीच. सरकारने जागा वाढवून वेळ मारून नेली, पुढच्या वर्षीपासून ते गुण परत आणले. त्याआधी २००८ मध्ये पर्सेंटाइलचा, म्हणजे मूल आपल्याच मंडळातल्या मुलांत कुठे आहे हे पाहण्याचा, प्रयत्न झाला होता. तो उच्च न्यायालयात टिकला नाही. राज्य मंडळाची लाखो मुलं आणि छोट्या मंडळाची मोजकी मुलं यांची कुवत सरासरीने सारखीच कशी धरायची, ही हरकत खरी आहे. तरीही मला तोच मार्ग अधिक न्यायाचा वाटतो, कारण एखाद्या मंडळाने हात सैल सोडला तरी त्याची झळ दुसऱ्या मंडळाच्या मुलाला लागत नाही.