धाडसाचा हिशेब

लष्करी मोहिमेतील धोका नाहीसा करता येत नाही. तो आधी ओळखून तोलावा मात्र लागतो. तेहरानमधील ५३ अमेरिकी ओलिसांच्या सुटकेसाठी २४ एप्रिल १९८० रोजी हाती घेतलेल्या मोहिमेची हकिगत या दृष्टीने उद्बोधक आहे. 'निमिट्झ' या विमानवाहू नौकेवरून ८ हेलिकॉप्टरे निघाली. पुढे जाण्यास किमान ६ हवीत, असे आधीच ठरले होते. इराणच्या वाळवंटातील मुक्कामावर ६ पोहोचली. त्यांतही एकात बिघाड निघाला. उरलेल्या पाचांवर मोहीम न रेटता माघारीचा निर्णय झाला. तो योग्यच होता. परंतु निघतेवेळी एक हेलिकॉप्टर इंधन घेऊन आलेल्या विमानावर आदळले आणि ८ जण प्राणांस मुकले.

गुप्ततेपायी सर्व पथकांची एकत्रित रंगीत तालीम झालीच नव्हती, यावर अॅडमिरल हॉलोवे यांच्या चौकशी समितीने बोट ठेवले. किमान १० हेलिकॉप्टरे हवी होती, असेही तिचे मत पडले. बातमी फुटण्याचा धोका कमी करताना समन्वय बिघडण्याचा धोका वाढला, आणि तो कोणी हिशेबात धरला नाही. जादा हेलिकॉप्टरे व तालीम हा विम्याचा हप्ता होय. तो चुकविला, तर भरपाई सैनिकाच्या प्राणांनी होते. म्हणूनच धाडस सैनिकाचे असले, तरी त्याचा हिशेब आदेश देणाऱ्यानेच आधी मांडला पाहिजे.