विश्लेषण : रक्ततपासणीतून कर्करोगाचे निदान, आंजीसारख्या गावांना किती उपयोग?

वर्धा जिल्ह्यातील आंजी (मोठी) येथे सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र आहे. मात्र, कर्करोगाचा संशय आल्यास गाठीच्या तुकड्याच्या तपासणीसाठी मोठे रुग्णालयच गाठावे लागते. हा फेरा रक्ततपासणीने वाचेल का?

रक्तात काय शोधतात?
गाठीतील पेशी मरताना त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात मिसळतात. ते शोधणे म्हणजे ‘लिक्विड बायोप्सी’. २०१६ मध्ये अमेरिकेने फुप्फुसाच्या कर्करोगासाठी अशा चाचणीला मान्यता दिली. रुग्णाला कोणते औषध लागू पडेल, हे त्यातून ठरवता येते.

मग सर्वांचीच तपासणी का नाही?
लक्षणे नसलेल्यांमध्ये कर्करोग शोधणे अवघड असते. अनेक कर्करोग एकत्र शोधणाऱ्या ‘गॅलरी’ चाचणीच्या २०२१ मधील अभ्यासात पहिल्या टप्प्यातील सुमारे १७ टक्के कर्करोगच सापडले. त्यामुळे अहवाल ‘नॉर्मल’ आला तरी कर्करोग नाही, असे म्हणता येत नाही. ब्रिटनने त्याच वर्षी सुमारे १ लाख ४० हजार जणांवर या चाचणीचा अभ्यास सुरू केला.

महाराष्ट्राचा अनुभव काय?
चाचणीने मृत्यू घटतात का, हाच खरा निकष. टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे १ लाख ३१ हजार महिलांचा एकत्रित अभ्यास केला. एचपीव्ही चाचणी एकदाच उपलब्ध करून दिलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. चाचणीत दोष आढळलेल्या महिलांची पुढील तपासणी आणि उपचार हा या अभ्यासाचाच भाग होता.

गावापुढील अडचणी कोणत्या?
साध्या नळीतील रक्तावर काही तासांत प्रक्रिया झाली नाही, तर पांढऱ्या पेशी फुटून त्यांचा डीएनए मिसळतो. विशेष नळ्यांत नमुना काही दिवस टिकतो. पण त्या महाग असतात. शिवाय दोष आढळल्यावर स्कॅन, तुकडा तपासणी आणि उपचार करावेच लागतात. ती साखळी गावापासून जोडलेली नसेल, तर अहवाल केवळ चिंता वाढवेल.

तोवर काय करावे?
तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी तीस वर्षांवरील व्यक्तींसाठी सरकारी आरोग्य कार्यक्रमात आहे. खर्रा-तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडातील न भरणारी जखम आरोग्यसेविकेला बॅटरीच्या उजेडातही दिसते. त्यासाठी नव्या चाचणीची वाट पाहण्याची गरज नाही.