गृहविज्ञान : पोहण्याच्या हौदाचें पाणी
मालेगांवीं उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांवर चढला म्हणजे अंगणांतील हौद मुलांना घरापेक्षांही प्रिय होतो. परंतु मोसम व गिरणा यांच्या कांठचें हें गांव अवर्षणाच्या पट्ट्यांतलें. दर आठवड्यास हौद उपसून पुन्हा भरावा, ही चैन येथें शोभणारी नव्हे. एकदां भरलेलें पाणीच गाळून व शुद्ध करून शक्य तितके दिवस पुरविलें पाहिजे. ही विद्या आम्ही थोडी फजिती करून घेऊनच शिकलों.

पहिल्या वर्षीं आम्ही ब्लीचिंग पावडर टाकीत असूं ती सकाळचीं कामें आटोपल्यावर, भर उन्हांत. चार दिवसांत पाणी हिरवें झालें. पावडर वाढविली, तरी शेवाळ हटेना. पुढें कळलें कीं, उघड्या पाण्यांतील निम्मा क्लोरिन कडक उन्हानें तासाभरांतच नाहींसा होतो. पावडर दिवेलागणीनंतर टाकावी, म्हणजे तिला रात्र मिळते.

दुसरा दोष आमच्या विहिरीचा. काळ्या पाषाणांतून झिरपलेलें तिचें पाणी जड. त्यांत पावडरींतील चुन्याची भर! पाण्याची आम्लता वा क्षारता 'पीएच' या अंकानें मोजतात. तो साडेसात असतां क्लोरिनचा सुमारें अर्धा भाग प्रखर जंतुनाशक रूपांत असतो. आठ झाला कीं जेमतेम चौथा हिस्सा. पैसे तेवढेच, काम निम्में. अंक ७.२ ते ७.८ यांच्या दरम्यान राखावा. चढल्यास म्युरियाटिक ॲसिड बादलीभर पाण्यांत थोडें थोडें ओतून तें हौदांत सोडावें. ॲसिडावर पाणी कधींही ओतूं नये. आणि पावडरीची बादली ॲसिडाला लावूं नये. दोहोंच्या संयोगानें क्लोरिन वायु सुटतो. १९१५ सालीं ईप्रच्या रणांगणावर सैनिकांवर सोडला, तोच हा. एकत्र कुटुंबांत दहा हात कामाला असतात, म्हणून हीं कामें एकाच जाणत्या माणसाकडे असावींत.

प्रमाण हिशेबानें ठरवावें. पांच मीटर लांब, चार रुंद व एक खोल अशा हौदांत २०,००० लिटर पाणी मावतें. लिटरमागें २ मिलिग्रॅम धरल्यास क्लोरिन लागतो ४० ग्रॅम; ताज्या पावडरींत तो सुमारें एक-तृतीयांश, म्हणून पावडर १२० ग्रॅम. ती बादलींत कालवावी, गाळ बसूं द्यावा व वरची निवळी हौदांत ओतावी. पुडा उघडा राहिल्यास पावडरीचा जोर उतरतो. मुलें उतरण्यापूर्वीं ऑर्थोटोलिडिनचे थेंब घालून पेल्यांतलें पाणी किती पिवळें होतें, तें रंगपट्टीशीं ताडून पाहावें; लिटरमागें १ ते ३ मिलिग्रॅम क्लोरिन दिसला म्हणजे झालें. तें पेल्यांतलें पाणी मात्र फेंकून द्यावें.

पाण्यास उग्र वास येऊं लागला कीं घरांत गिल्ला होतो, "औषध फार झालें!" वस्तुतः तो वास व डोळ्यांची आग बहुतेक वेळां घाम व मूत्र यांशीं क्लोरिनचा संयोग झाल्यानें उत्पन्न होते. "आधीं आंघोळ, मग हौद" हा आमच्या आजीचा दंडक आम्ही सोवळ्याचा हट्ट समजत होतों. आतां मोरीवर पहारा आम्हीच करतों, आणि धाकटीं मुलें तरीही मागच्या दारानें निसटतात.