विज्ञानवार्ता : चाक थांबवून केलेला हिशेब

नायगांव-परळच्या चाळींत एके काळीं गिरणीचा भोंगा हेंच घड्याळ होतें. मुंबईच्या गिरण्यांना १९१५ सालापासून टाटांची वीज मिळूं लागली, ती घाटावरील पावसाच्या जोरावर. लोणावळ्याच्या परिसरांत साठविलेलें पाणी नळांतून खोपोलीस उतरवून तेथें टर्बाइनचीं चाकें फिरविलीं गेलीं. भोंगे आतां निमाले. खोपोलीचें वीजघर मात्र चालूं आहे.

आमच्या वाचकांच्या घरांतून अभियांत्रिकी शिकणारीं मुलें-मुली पुष्कळ आहेत. त्यांपैकीं एखादीनें टर्बाइनमधील प्रवाहाचें रंगीत चित्र संगणकावर दाखविलें, म्हणजे वडील मंडळी 'छान' म्हणून मोकळी होतात. तसें होऊं नये, म्हणून हा खुलासा.

प्रवाहाच्या गतीचे नियम नाव्हिए यांनीं १८२२ सालीं व स्टोक्स यांनीं १८४५ सालीं मांडले. परंतु वळणदार पात्यांमधून जाणाऱ्या पाण्यासाठीं तीं समीकरणें कागदावर सुटत नाहींत. म्हणून त्या जागेचे लक्षावधि बारीक कप्पे पाडावयाचे, आणि प्रत्येक कप्प्यांत पाणी किती आलें, किती गेलें, दाब किती पडला, याचा जमाखर्च संगणकानें मांडावयाचा.

अडचण येते ती चाक फिरतें म्हणून. तिच्यावर मार्ग दोन. पहिल्यांत आपण जणूं चाकावरच बसतों. मग पातीं स्थिर दिसतात. मात्र त्याची किंमत म्हणून केंद्रोत्सारी व कोरिऑलिस हीं दोन बलें हिशेबांत धरावीं लागतात. यांत वेळ थोडा लागतो, पण पात्याची बाहेरील भागाशीं असलेली जागा एकाच क्षणाला खिळून राहते. दुसऱ्या मार्गांत चाकाचे कप्पे खरोखरच अंशाअंशानें फिरवितात. हा हिशेब अधिक खरा, पण फार खर्चाचा.

खोपोलीचें चाक पेल्टन जातीचें. सुमारें ५०० मीटर उंचीवरून आलेली धार सेकंदाला जवळजवळ १०० मीटर वेगानें सुटते, आणि चाकाच्या वाट्या तिच्या निम्म्या वेगानें धांवतात. वाटी धारेंत शिरते न शिरते तोंच बाहेर पडते. येथें चाक थांबवून केलेला हिशेब काय कामाचा? पाण्यानें पूर्ण भरलेल्या टर्बाइनमध्यें तो कार्यक्षमतेचा अंदाज बरा देतो. पण दाबाचे हेलकावे त्यांत दिसत नाहींत.

हेलकावे क्षुल्लक नव्हेत. सैबेरियांतील सायानो-शुशेन्स्काया वीजघरांत १७ ऑगस्ट २००९ रोजीं, कंपांनीं थकलेले बोल्ट तुटून टर्बाइनचें झांकण उडालें व ७५ माणसें प्राणांस मुकलीं. त्याचा दोष संगणकाच्या हिशेबावर लादणें अन्यायाचें होईल. परंतु कंपाकडे दुर्लक्ष केल्यास काय होतें, तें यावरून कळावें.

म्हणून मुलांना तीन प्रश्न अवश्य विचारावे. चाक थांबवून हिशेब केला कीं फिरवून? कप्पे आणखी बारीक केले तर उत्तर बदलतें काय? आणि तें प्रत्यक्ष मापाशीं ताडून पाहिलें काय? १९१६ सालीं सुरू झालेल्या खडकवासल्याच्या संशोधन केंद्रांत पाण्याचे नमुने बांधून प्रयोग आजही होतात, तें उगीच नव्हे. हे प्रश्न विचारण्यास गणित यावें लागत नाहीं. आणि उत्तरें देतांना मुलांचेंच ज्ञान पक्कें होतें.