उन्हाचा पंचनामा

एप्रिल महिन्यातली गोष्ट आहे. दिवेलागणीच्या सुमारास जानेफळच्या माझ्या दवाखान्यासमोर एक ॲपेरिक्षा येऊन थांबली. आत चाळिशीतली एक मजूर बाई होती. अंग चुलीसारखे तापलेले, डोळे अर्धवट मिटलेले, हाका मारल्या तर भलतेच काही बोलत होती. मुलगा म्हणाला, "डॉक्टरसाहेब, सकाळपासून कांदे काढून राहिली होती. दोन वाजता डोकं गरगर करते म्हणे, मंग एकदम खालीच पडली." काट्यावर ताप १०६ अंश फॅरनहाइट. दुपारी दोनला पडलेली बाई संध्याकाळी सातला माझ्याकडे पोचली होती. मधल्या वेळात तिला घरी नेले, कांदा फोडून हुंगायला दिला, एका ठिकाणी तापाचे इंजेक्शनही टोचून घेतले. फक्त अंगावर पाणी कोणी ओतले नाही.

आम्ही ओल्या चादरी, पंखा, बर्फ, सलाईन सगळे केले आणि मोठ्या दवाखान्यात पाठवले. तिचे मूत्रपिंड निकामी झाले आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. गावात लोक म्हणाले, "ताप डोक्यात गेला." आणि खरे सांगायचे तर माझ्या वहीतही त्या दिवशी मी 'तीव्र ताप, बेशुद्धी' एवढेच लिहिले होते. ती किती तास उन्हात होती, काय काम करत होती, यातले एक अक्षर त्यात नव्हते. आजचा लेख या चुकीबद्दल आहे.

वाचकहो, गारपीट झाली की आपल्याकडे तलाठी येतो, पंचनामा होतो. पुरात वाहून गेलेल्या जनावराचीही नोंद होते. उन्हाने गेलेला माणूस मात्र कधी तापाने जातो, कधी हृदयविकाराने, तर कधी 'वयोमानाने' जातो. जे कागदावर नाही त्याची व्यवस्था होत नाही.

अहमदाबादचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. मे २०१० मध्ये त्या शहरात पारा ४६.८ अंशांवर गेला. पुढे संशोधकांनी एक साधा हिशेब मांडला. एरवीच्या मे महिन्यांत शहरात किती मृत्यू होतात आणि त्या मे महिन्यात किती झाले? फरक निघाला १,३४४ मृत्यूंचा. एवढी माणसे उन्हाने गेली हे कोणा एका डॉक्टरच्या वहीतून कळले नव्हते. ते या मोजणीतून कळले. मग २०१३ मध्ये त्या महापालिकेने उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा केला, तो आपल्या देशातला पहिला. उन्हाची लाट येण्याआधी सूचना, दवाखान्यांची तयारी, पाणपोया आणि पुढे घरांच्या छतांना पांढरा रंग, असे त्यात साधेच उपाय होते. आपल्या विदर्भात नागपूरनेही पुढे तोच मार्ग धरला. पण हे झाले शहरांचे. मेहकर तालुक्यातल्या खेड्याने काय करावे?

"ऊन काय आजचे आहे? आमचे बापजादे याच उन्हात राबले," असे वडीलधारे म्हणतात. ते खोटे नाही. पण ऊन बदलते आहे, हेही खोटे नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला उघड्या मैदानावर मोठा सोहळा झाला आणि उष्माघाताने १४ माणसे गेली. त्या दिवशी तिथला पारा चाळिशीच्या आतच होता, पण हवेत दमटपणा होता. त्याच महिन्यात भारत आणि बांगलादेशावर आलेल्या दमट उष्म्याचा अभ्यास करून शास्त्रज्ञांनी सांगितले की, माणसाने तापवलेल्या हवामानामुळे अशा उष्म्याची शक्यता निदान तीस पटींनी वाढली आहे. घाम वाळला तरच अंग थंड होते. हवा दमट असली की घाम नुसता ओघळतो. म्हणून आपल्याकडेही मे-अखेरीस ढग दाटून येतात ते दिवस, आकडा कमी दिसला तरी, जास्त जपायचे असतात.

त्या आकड्याबद्दलही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून चारेक फूट उंचीवर, हवेशीर पांढऱ्या पेटीत, सावलीत ठेवलेला असतो. वर्तमानपत्रात ४२ अंश छापून येतात ते सावलीतले. कांद्याच्या वाफ्यात ओणवे बसलेल्या बाईच्या पाठीवर याहून कितीतरी जास्त ताप असतो. रात्री ती ज्या टिनाखाली झोपते तेही लवकर निवत नाही. आपली जुनी धाब्याची घरे उन्हाळ्यात थंड राहत. ती गेली आणि टिनाची आली. दिवसा तापलेले शरीर रात्री निवले नाही, तर दुसऱ्या दिवसाचे ऊन थकव्यावर थकवा चढवते.

"दुपारी बारा ते चार बाहेर पडू नका," असा सल्ला आम्ही डॉक्टर मंडळी दर उन्हाळ्यात देतो. ज्याला घरी बसून पगार मिळतो त्याला तो पाळता येतो. ज्याची चूल आजच्या रोजावर पेटते त्याने काय करावे? माझे मत असे की, हा सल्ला मजुराला देऊन उपयोग नाही, तो गावाला दिला पाहिजे. एप्रिल-मे महिन्यांत शेतकामाची वेळच सकाळी सहा ते अकरा आणि दुपारी साडेचारनंतर अशी ग्रामसभेने ठरवावी. रोज पूर्ण मिळावा. शेतकरी म्हणतील, "आम्हांला अर्धा दिवस परवडत नाही." त्यांचेही खरे आहे, पण इथे काम कमी होत नाही, फक्त वेळ सरकते.

यात एक मेख आहे आणि ती बायांनीच मला दाखवून दिली. सहाला वावरात पोचायचे तर त्यांना चारला उठावे लागते. पाणी भरणे, भाकरी, पोरांचे, सगळे त्याआधी. तेव्हा पहाटेचे पाणी घरच्या पुरुषाने भरले, तरच ही नवी वेळ बायांना सोसेल. नाहीतर उन्हातून वाचवून आपण त्यांना झोपेत मारू.

आपल्या राज्याने हे पूर्वी करून दाखवले आहे. १९७२ च्या दुष्काळात माणसे खडी फोडायला गेली, आणि त्यातून १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला. दुष्काळ हे नशीब नव्हे, त्याची व्यवस्था लावता येते, हे महाराष्ट्राने तेव्हा मानले. २०१८ पासून आपल्या जिल्ह्यातही हवामानाला तोंड देणाऱ्या शेतीसाठी कृषी संजीवनी प्रकल्प आला. त्यात पिकाचा, पाण्याचा आणि मातीचा विचार झाला, ते चांगलेच झाले. आता त्या मातीत राबणाऱ्या शरीराचाही विचार व्हावा.

तोवर एवढे तरी कराच. चक्कर, मळमळ, पायांत गोळे आणि खूप घाम असेल तर माणसाला सावलीत न्या, कपडे सैल करा, घोटघोट पाणी द्या. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातले की घरचे जलसंजीवनी तयार होते. ताक, पन्हेही चालेल. पण माणूस बरळू लागला किंवा बेशुद्ध झाला, तर तो उष्माघात समजा. तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाईल. गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओता, वारा घाला, आणि गाडीतही ते थांबवू नका. उष्माघातावर तापाच्या गोळीचा किंवा इंजेक्शनचा उपयोग नाही. खिशातल्या कांद्याचाही नाही, तो भाकरीबरोबर खावा. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी उन्हाळा लागताच डॉक्टरांना विचारून घ्यावे, गोळी मनाने बंद करू नये. आणि टिनावर चुन्याचा दाट हात मारावा, घरात फरक पडतो.

माझ्यापुरते मी एक केले आहे. आता मार्च लागला की दवाखान्यात वेगळी वही घालतो. ताप, चक्कर, बेशुद्धी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला विचारतो, "उन्हात किती वेळ होता? कोणते काम होते? रात्री कुठे झोपता?" आणि उत्तर लिहून ठेवतो. तालुक्यातल्या माझ्या सर्व डॉक्टर बंधू-भगिनींना विनंती आहे की त्यांनीही अशी वही घालावी आणि उन्हाळ्याअखेर ती आरोग्य खात्यापुढे ठेवावी. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर त्या एप्रिलमधल्या बाईची नोंद आहे. 'ताप' हा शब्द खोडून मी तिथे 'उष्माघात' असे लिहिले आहे. फार उशिरा लिहिले, पण लिहिले.